गेरूचा श्री

श्रीकांतराव आष्टीकर चिडके होते, हट्टी होते, चहा जरा निवला तरी घर डोक्यावर घेणारे होते. पण बांधकामाच्या बाबतीत त्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या भोपाळात शोधून सापडला नसता. भित्रा हा शब्द त्यांचाच. "साइटवर शूर माणूस नको रे बाबा," ते म्हणायचे, "शूर माणूस स्वतः मरत नाही, दुसऱ्याला मारतो." सगळी नोकरी त्यांनी या भित्रेपणावर काढली. कोलार रोडला शेतं होती तेव्हापासून ते तिथे इमारती उभ्या करत होते, आणि त्यांच्या हाताखाली एकाही मजुराचा जीव गेला नव्हता की कुणाचं हाड मोडलं नव्हतं. मिरवण्यासारखं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं, पण हे एक मात्र ते लोकांच्या लग्नाच्या पंगतीत बसूनसुद्धा मिरवायचे.

त्यांचे वडील शांताराम आष्टीकर. नागपूरची राजधानी गेली तेव्हा कचेऱ्यांच्या फायलींबरोबर जे कारकून भोपाळला आले, त्यांतले एक. मुलानं डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरीच्या मागे न लागता बिल्डरची साइट धरली, याचं म्हाताऱ्याला शेवटपर्यंत वाईट वाटलं. मुलगा सुपरवायझरचा इंजिनिअर झाला, इंजिनिअरचा कन्स्ट्रक्शन मॅनेजर झाला, कोटरा सुल्तानाबादेत त्यानं स्वतःचं दुमजली घर बांधलं, तरी कुणी विचारलं की शांतारामपंत सांगायचे, "आमचा श्रीकांत? विटा-रेतीत असतो."

आता श्रीकांतरावांची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं.

स्लॅब ओतला की त्याच्याखाली टेकू उभे असतात. मजूर त्यांना बल्ली म्हणतात. काँक्रीट पक्कं होईतो त्या काढायच्या नसतात, आणि काढायची घाई मात्र सगळ्या जगाला असते. ठेकेदाराला त्याच बल्ल्या वरच्या मजल्यावर हव्या असतात, मालकाला इमारत मोकळी दिसायला हवी असते. सूचना कागदावर लिहून उपयोग नाही, कारण बल्ली काढणारा माणूस कागद वाचत नाही. म्हणून स्लॅब ओतून झाला की श्रीकांतराव शेजारच्या खांबावर गेरूनं वीतभर मोठा 'श्री' काढायचे. तो खांबावर आहे तोवर बल्लीला हात लावायचा नाही. वेळ झाली की स्वतः यायचे, हातोडीनं ठोकून बघायचे, कान लावून ऐकायचे, आणि मग ओल्या फडक्यानं श्री पुसायचे. झाबुआकडचे मजूर असोत की सागरकडचे मिस्त्री, हा कायदा सगळ्यांना पाठ. ते त्याला 'सिरी' म्हणत. "सिरी मिटी क्या?" "नहीं मिटी." विषय संपला. मालकानं येऊन आकाशपाताळ एक केलं तरी हल्केराम मिस्त्री बिडी ओढत बसून राहायचा.

श्री पुसायचा हक्क त्यांनी जन्मात एकाच माणसाला दिला. हर्षलला. हर्षल म्हणजे नलिनीबाईंच्या धाकट्या बहिणीचा, वर्ध्याच्या मंजूषाचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन घरी पंख्याखाली बसला होता. नलिनीबाईंनी नवऱ्यामागे भुणभुण लावली आणि श्रीकांतरावांनी त्याला भोपाळला आणलं, आपल्या साइटवर लावलं, घरात वरची खोली दिली. मुलगी प्राजक्ता लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. पोरगं हुशार, गोड बोलणारं. साइटवर 'सर' म्हणायचं, घराच्या फाटकातून आत आलं की 'काका'. दोन वर्षांत श्रीकांतरावांनी त्याला काही शिकवायचं बाकी ठेवलं नाही. स्लॅबवर हातोडी मारून "ऐक, ऐक, हा आवाज पोकळ आहे की भरीव?" असं विचारायचे तेव्हा त्यांचा चेहरा नातवाला पहिलं अक्षर शिकवणाऱ्या आजोबांसारखा व्हायचा. आपली गादी चालवणारा मिळाला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. माणूस असं मनाशी पक्कं करतो तिथेच त्याचं चुकतं, असं मला वाटतं. पण ते असो.

कंपनीचं नाव घेत नाही, घेण्यासारखं ते राहिलेलं नाही. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. त्यांची कोलार रोडची नवी इमारत चालू होती, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायचा सॅम्पल फ्लॅट होता. फ्लॅटला चांगली ऐसपैस बाल्कनी, पुढे आलेली. भैयाजींचा सगळा जीव त्या बाल्कनीत. पण तिच्याखाली अजून बल्ल्यांचं रान होतं आणि खांबावर श्री.

"आष्टीकरजी," भैयाजी म्हणाले, "गणपती बैठ गए हैं. अनंत चौदस के बाद कौन आएगा फ्लॅट देखने?"

ते खोटं नव्हतं. अनंत चतुर्दशी संपली की पितृपक्ष लागतो, आणि पितृपक्षात भोपाळात कुणी टाचणीसुद्धा विकत घेत नाही, फ्लॅट तर लांबच राहिला.

"भैयाजी, बाल्कनी एकच तरफ से पकडी हुई है," श्रीकांतराव म्हणाले. "पीछे की दीवार चढने दो, उसका वजन बैठने दो. तब तक नहीं."

"आपकी सिरी से तो भगवान भी पूछ के चलते होंगे," असं म्हणून भैयाजी हसले आणि गाडीत बसून निघून गेले. श्रीकांतरावांना वाटलं, प्रकरण मिटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी महालक्ष्म्या होत्या.

पुण्या-मुंबईकडचे लोक गौरी म्हणतात, विदर्भातली माणसं महालक्ष्म्या म्हणतात. आष्टीकरांच्या घरी त्या उभ्या असत. शांतारामपंतांनी नागपूरहून आणलेले पितळी मुखवटे, भरजरी साड्या, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि कोटऱ्यापासून शाहपुऱ्यापर्यंतची निम्मी मराठी माणसं पंगतीला. त्या जेवायच्या दिवशी घरात दोन नियम. यजमान पूजेला बसला की पंगत उठेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि देवीसमोर वाईट बातमी काढायची नाही. एकदा ऐन पूजेत कचेरीचा शिपाई साहेबांचा निरोप घेऊन आला, तर शांतारामपंतांनी त्यालाच पाटावर बसवून पोटभर जेवू घातलं होतं आणि मग निरोप ऐकला होता. श्रीकांतरावांनी या नियमांना आपलं एक कलम जोडलं होतं. सोवळं नेसायच्या आधी ते आपला मोबाइल नलिनीबाईंच्या हातात द्यायचे. "कुणाचाही आला तर पूजेला बसलेत म्हणून सांग."

साइट सोडताना त्यांनी हर्षलला खांबासमोर उभं केलं. "मी नसताना श्री पुसायची वेळ येणार नाही. आलीच, तर मला विचारल्याशिवाय फडकं ओलं करायचं नाही."

"नाही काका."

"साइटवर सर म्हण."

"नाही सर," हर्षल हसून म्हणाला.

जेवणाचा दिवस नेहमीसारखा उजाडला. सकाळपासून घरात पुरणाचा वास, नलिनीबाईंची धावपळ, मदतीला आलेल्या बायकांचा गलका. श्रीकांतराव सोवळं नेसून पूजेला बसले ते दुपारी पंगत उठेपर्यंत जागचे हलले नाहीत. इंदुमतीकाकू, म्हणजे शांतारामपंतांच्या कचेरीतल्या मित्राची विधवा, दरवर्षी पंगतीचं नेतृत्व करायच्या. श्रीकांतरावांनीच बांधलेल्या इमारतीत त्या राहायच्या. "श्रीकांतचा श्री आहे माझ्या डोक्यावर, मला कसली भीती," असं त्या याही वर्षी म्हणाल्या, आणि याही वर्षी श्रीकांतराव लाजले. विडे वाटून झाले. नलिनीबाईंनी फोन आणून दिला. तो हातात घेताक्षणीच वाजला.

हल्केराम होता. "साब, बाल्कनी आ गई नीचे. थावरी दब गई."

श्रीकांतराव सोवळ्यातच स्कूटरवर बसले.

बाल्कनी पडली नव्हती, मोडून खाली लोंबत होती. मागच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. खाली पाडलेल्या फळ्या गोळा करायला गेलेल्या थावरीला, झाबुआच्या एका मजूर बाईला, दवाखान्यात नेलं होतं. श्रीकांतराव आधी खांबाकडे गेले. श्री नव्हता. त्या जागी ओल्या फडक्याचा लालसर फराटा होता, अगदी त्यांच्याच पद्धतीनं डावीकडून उजवीकडे पुसलेला. असा पुसायला त्यांनी एकालाच शिकवलं होतं.

हल्केराम मागून म्हणाला, "सिरी मिटी थी साब. तभी तो खोली हमने."

दवाखान्याच्या व्हरांड्यात हर्षल भिंतीला टेकून बसला होता. त्यांना बघताच उठला. "काका, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी..."

"मी हो म्हणालो? कधी म्हणालो?"

"काका, मावशीला..."

"मावशीचं नाव काढू नकोस!" श्रीकांतरावांनी सगळ्या लोकांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. "तिच्या हातचं खातोस, तिच्या घरात राहतोस, आणि तोंडावर खोटं बोलतोस? मी सकाळपासून पाटावरून हललो नाही रे!"

हर्षल गालाला हात लावून त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग काहीतरी दुसरं आलं. श्रीकांतरावांनी ते बघितलं, पण त्याचा अर्थ लावण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. पुढे वर्षभर तो चेहरा त्यांना आठवत राहिला आणि दरवेळी त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला: चोरी पकडली गेली.

चौकशी झाली शाहपुऱ्याच्या ऑफिसात. पोलीस होते, भैयाजी होते, हल्केराम होता. भैयाजी म्हणाले, मी तर नुसतं विचारलं होतं, शेवटी निर्णय मॅनेजरचा. हल्केरामनं खालमानेनं सांगितलं की सिरी पुसली होती आणि सिरी साहेबांच्या हुकमाशिवाय पुसली जात नाही. बिचारा खरंच बोलत होता. मग हर्षलला विचारलं. त्यानं श्रीकांतरावांकडे न बघता सांगितलं, "सरांना विचारलं होतं. सर हो म्हणाले."

श्रीकांतराव उठून उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं. काय सांगणार? मी पूजेला होतो, म्हणून? हो म्हणायला पाटावरून उठावं लागत नाही. मी तसा माणूस नाही, म्हणून? माझा श्री म्हणजे माझा शब्द, हे त्यांनीच तर इतकी वर्षं सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. आता तोच शब्द त्यांच्या अंगावर उलटला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नोकरी गेली. केस रखडत रखडत मिटली. वर्तमानपत्रात 'अनुभवी मॅनेजर की लापरवाही' असं छापून आलं, ते कात्रण कुणीतरी दया म्हणून घरी आणून दाखवलं. हर्षल त्याच आठवड्यात वरची खोली सोडून गेला, आणि महिन्याभरानं कळलं की कोलार रोडची साइट आता तोच बघतो. हे ऐकलं तेव्हा श्रीकांतरावांना शेवटचा दुवाही जुळल्यासारखा वाटला. पोरगं विकलं गेलं होतं.

थावरीचा पाय वाचला पण सरळ झाला नाही. श्रीकांतराव तिला भेटायला तिच्या झोपडीवर गेले. शिव्या खायची मनाची तयारी करून गेले होते. तिनं त्यांना बसायला रिकामं पोतं दिलं आणि म्हणाली, "आपने मिटाई होगी साब, तो सोच के ही मिटाई होगी."

शिव्या परवडल्या असत्या. 'मी नाही पुसला' असं तिला सांगावंसं त्यांना फार वाटलं. पण तिच्या त्या पायाकडे बघून स्वतःचा बचाव करायची लाज वाटली. ते तसेच घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी पंगतीत काही मिरवणं सोडलं. पंगतीत जाणंच सोडलं म्हणा ना.

मग सुरू झालं घरात बसणं. पहाटे उठायची सवय, आणि उठून जायला कुठे नाही. कुणी गच्ची गळते म्हणून बोलावलं तर जायचे, बघायचे, सांगायचे. लोक 'आष्टीकर साहब' म्हणायचे, पण पूर्वी म्हणायचे तसं नाही. त्यांना ना नोकरी परत हवी होती ना भैयाजींची माफी. त्यांना एवढंच हवं होतं की हर्षलनं एकदा यावं, समोर उभं राहावं आणि म्हणावं: काका, तुम्ही हो म्हटलं नव्हतं. बस्स. मग तो गेला उडत.

हे ते रोज बोलून दाखवायचे. सकाळच्या चहाला हर्षल, रात्रीच्या भातावर हर्षल. "सापाला दूध पाजलं आपण, नलू." "तुझ्या बहिणीचा मुलगा म्हणून बोलत नाही, पण हाडाचा खोटा." नलिनीबाई ऐकून घ्यायच्या, आणि थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायच्या. "जाऊ द्या हो," एवढंच म्हणायच्या. मंजूषाचा वर्ध्याहून फोन येणं बंद झालं होतं. बहिणी तुटल्या. श्रीकांतरावांना वाटायचं, बिचारी माझ्यापायी माहेर गमावून बसली आणि अवाक्षर बोलत नाही. त्या वर्षात बायकोबद्दल त्यांना जेवढी माया वाटली, तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही वाटली नसेल. एकदा तर त्यांनी तसं सांगितलंही. "तू होतीस म्हणून उभा राहिलो गं." नलिनीबाई रडल्या. श्रीकांतरावांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

वर्ष सरलं. पुन्हा महालक्ष्म्या आल्या. या वर्षी साधंच करू, असं श्रीकांतराव म्हणत होते, पण देवीला साधं चालत नाही. मुखवटे घासले, साड्या नेसवल्या, सोळा भाज्या आल्या. इंदुमतीकाकूंनी निरोप धाडला की पंगतीला मी येणार म्हणजे येणार, आणि तू तोंड पाडून बसायचं नाहीस.

जेवायच्या दिवशी सकाळी श्रीकांतरावांनी अंघोळ केली आणि सोवळं नेसायच्या आधी सवयीनं मोबाइल नलिनीबाईंपुढे केला.

त्यांनी हात मागे घेतला. तापल्या तव्याला बोट लागल्यासारखा.

"तुमच्याजवळच ठेवा," त्या म्हणाल्या.

"अगं, घे. मला आता कुणाचा फोन येणार आहे?" श्रीकांतराव हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपल्या परिस्थितीचं हसू आलं होतं. "घे ना."

नलिनीबाई खाली बसल्या. देवीच्या समोर, रांगोळीच्या कडेला, मटकन.

"हर्षलचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा. गेल्या वर्षी. तुम्ही पूजेला बसला होतात. म्हणाला, मावशी, भैयाजी इथंच उभे आहेत, माझ्या हातात फडकं दिलंय त्यांनी. काकांना विचार, पुसू का. मी दारापर्यंत आले. तुमच्या हातात अभिषेकाची संततधार चालली होती. तुम्हाला उठवलं तर तुम्ही तसेच पळाला असतात, पूजा मोडली असती, पंगत राहिली असती, बाबांच्या वेळेपासून कधी मोडली नाही ती. मी तशीच परत गेले. आणि सांगितलं, हो म्हणतात काका."

श्रीकांतराव उभेच होते. हातातला फोन तसाच पुढे धरलेला.

"मला वाटलं, फडकं फिरवायचं, एवढंच तर आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

"एवढंच?" श्रीकांतरावांचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "आयुष्यभर मी तुला दुसरं काय सांगत आलो, नलू? आयुष्यभर मी दुसरं काय बोललो?"

"मी सांगणार होते हो. तुम्ही त्याला मारून घरी आलात तेव्हाच सांगणार होते. तोंड उघडेना. मग एक दिवस गेला, मग दुसरा गेला. तुम्ही माझ्याशी इतकं चांगलं वागायला लागलात..."

ते पाठीवरून फिरवलेले हात श्रीकांतरावांना आठवले आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. पण त्याहून आधी आणि त्याहून जोरात दुसरंच काहीतरी आठवलं. व्हरांड्यातलं पोरगं. 'काका, मावशीला...' वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. ज्याला वर्षभर साप म्हटलं, त्यानं विचारलं होतं. सांगितलं होतं तस्संच, फडकं ओलं करण्याआधी विचारलं होतं.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या हर्षलला फोन लावला. नंबर पुसलेला नव्हता. पुसायचं मनात असूनही त्यांच्याच्यानं पुसवला नव्हता.

"काका?"

"हर्षल," ते म्हणाले. "बाळा, मला आत्ता कळलं. तुला हो कुणी सांगितलं ते. मी तुला लोकांदेखत मारलं रे. मी..."

तिकडे साइटचा गोंगाट चालू होता. त्यातूनच हर्षल म्हणाला, "सांगितलं का मावशीनं शेवटी?"

'शेवटी' हा शब्द श्रीकांतरावांच्या कानात अडकला.

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही मारलंत ना काका, तेव्हाच कळलं. खोटं बोलणारा माणूस असा मारत नाही." तो अडखळत बोलत होता. "दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यात आली होती. माझ्या पाया पडायला लागली. म्हणाली, त्यांना कळलं तर ते मला घरात ठेवणार नाहीत, तू फक्त सर म्हणाले एवढंच सांग, त्यांचं नाव मोठं आहे, त्यांना कुणी काही करणार नाही. मी काय करणार होतो काका? आणि भैयाजीपण म्हणाले की सर गेले तर साइट तुलाच..." तो थांबला. "सॉरी काका. हेच सांगायला कितीदा फाटकापर्यंत येऊन गेलो."

श्रीकांतरावांनी फोन ठेवला. साइटवर काय घडलं हे जर मॅनेजरला सगळ्यात शेवटी कळलं, तर तो कसला मॅनेजर, असं ते हाताखालच्या पोरांना नेहमी सुनवायचे. त्यांना माफी मागायला एक माणूस सापडला होता. तोही हातातून गेला. साप पोरगाही होता आणि साप घरातही होता, आणि मधे हे एकटे दोघांना दूध पाजत बसले होते.

"पाया पडलीस त्याच्या," ते नलिनीबाईंना म्हणाले. "माझ्या नाही पडलीस."

नलिनीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दारात चपलांचे आवाज यायला लागले. इंदुमतीकाकू नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हजर होत्या. "अगं नलिनी, पुरण वाटून झालं का?" असं विचारत त्या आतच आल्या, आणि आष्टीकरांच्या घरातला दुसरा नियम काकूंनाही पाठ होता: देवीसमोर वाईट बातमी काढायची नाही.

श्रीकांतरावांनी सोवळं नेसलं. पूजेला बसले. सगळं यथासांग केलं, आरती म्हटली, नैवेद्य दाखवला. पानं वाढली गेली आणि पंगत बसली. नलिनीबाईंनी डोळे धुऊन, पदर खोचून वाढायला घेतलं होतं. चुलीच्या धुरानं लाल झालेत म्हणायची सोय आता राहिलेली नाही, पण कुणी विचारलंही नाही. त्या पुरणपोळ्यांचं ताट घेऊन ओळीनं येत येत श्रीकांतरावांच्या पानापाशी आल्या आणि थांबल्या. वाढावी की न वाढावी, त्यांना कळेना.

"वाढ ना गं," समोरच्या ओळीतून काकू म्हणाल्या. "काय रे श्रीकांत, पोळी घेणार ना? देवीच्या पंगतीत नाही म्हणू नये."

श्रीकांतरावांनी मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदाच पंगतीत त्यांचा आवाज खणखणीत निघाला.

"मला काय विचारता, काकू? हिला विचारा. माझ्या वतीनं हो हीच म्हणते."

सगळी पंगत खळखळून हसली. काकूंना तर हसता हसता ठसका लागला. "असा संसार हवा बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या.

नलिनीबाईंनी त्यांच्या पानात पोळी वाढली, वर तूप घातलं, आणि पुढच्या पानाकडे गेल्या.